त्या घराच्या ओसरीवरून

मैत्रिणींनो, पोर मोठं झालं हे आपण कशावरून ओळखतो? फ्रॉक आखूड झाला, चपला होईनाशा झाल्या की! मनानं मोठं झालेलं मात्र चटकन कळत नाही.

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही 1960 सालची कादंबरी वाचताना हेच मनात आलं. गोष्ट 1930 नंतरच्या अलाबामातली. सांगणारी स्काउट सुरुवातीला सहा वर्षांचीही नाही. जवळच्याच घरात बू रॅडली राहतो. तो बाहेर दिसत नाही, एवढ्यावरून नाही नाही त्या अफवा! मुलं त्या घरापुढून जीव मुठीत धरून पळतात.

तिकडे टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर बलात्काराचा खोटा आळ येतो. स्काउटचे वडील त्याचे वकील. तो निरपराध आहे हे ते कोर्टात दाखवून देतात, तरी गोरे पंच त्याला दोषी ठरवतात. स्काउटचा मोठा भाऊ जेम ढसाढसा रडतो.

पुढं याच मुलांचा जीव वाचवतो कोण, तर बू! त्याला घरी पोचवून स्काउट त्याच्या ओसरीवर उभी राहते आणि तिथून आपलीच गल्ली बघते. ज्याला आपण भ्यालो, तो इथून आपल्यावर मायेनं नजर ठेवून होता, हे तिला उमगतं. माझ्या मते पोर मोठी झाली ती त्या क्षणी.

हे सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडून देऊ नका. ऑगस्ट 2021 मध्ये आमच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्यांना आणि बायकांना भर चौकात बांधून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. पोलिसांनी अटकाही केल्या. पण मारणारे हात मोठ्यांचेच होते ना? वयानं वाढलेले, दुसऱ्याच्या ओसरीवर कधी न चढलेले!

असला संशय काही एका दिवसात उगवत नाही. “तिची नजर वाईट”, “त्यांच्याकडचं काही खाऊ नकोस” हे आपणच पोळ्या लाटता लाटता बोलतो. जवळ अभ्यास करणारं पोर ते ऐकत असतं, बरं का!

तेव्हा मुलानं “ती आजी खरंच करणी करते का गं?” असं विचारलं, तर “गप बस” म्हणून दटावू नका. “नाही” असं स्पष्ट सांगा. आणि संक्रांतीला तिळगुळाची वाटी देऊन त्याला त्याच घरी धाडा. जमलं तर सोबत आपणही जा.