शांतता क्षेत्र कागदावर, ठोका छातीवर

उत्सव जवळ आले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ध्वनिक्षेपकावरून वाद ठरलेलाच. तो संस्कृती आणि श्रद्धेवरच अडकतो. रुग्णाच्या शरीराचे काय होते, हे कुणी विचारत नाही.

न्यायालयाने मात्र विचारले होते. ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये न्या. अभय ओक व न्या. अमजद सय्यद यांनी निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यातले म्हणणे गाजले. पण रुग्णांसाठी मोलाचे होते ते दुसरेच. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर हे आपोआप शांतता क्षेत्र, वेगळ्या घोषणेची गरज नाही, असे खंडपीठाने सांगितले. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल.

हे आकडे छोटे वाटतात, कारण डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ४० च्या जागी ७० झाले तर हजारपट. झोपलेला रुग्ण जागा झाला नाही तरी त्याची नाडी आणि रक्तदाब आवाजासरशी वर जातात. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी तर एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत.

१० ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने नियम बदलला. राज्य सरकार जाहीर करेल तेच शांतता क्षेत्र! घोषणा झालेलीच नसल्याने राज्यात सध्या असे क्षेत्रच नाही, अशी भूमिका सरकारने न्यायालयात घेतली. वर न्या. ओक पक्षपाती असल्याचा आरोप केला. ठाण्याच्याच न्यायालयात वकिली सुरू केलेल्या या न्यायमूर्तींकडून प्रकरण काढून घेतले गेले. वकिलांनी निषेध केल्यावर त्यांचा समावेश असलेले पूर्णपीठ नेमले गेले आणि सरकारने माफी मागितली. पूर्णपीठाने १ सप्टेंबरला दुरुस्तीला स्थगिती दिली. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशालाच स्थगिती दिली.

सरकारची अडचण अगदीच खोटी नव्हती. नौपाड्यात किंवा डोंबिवली स्टेशनजवळ इमारतीच्या पहिल्या मजल्यावर नर्सिंग होम असते. प्रत्येकाभोवती १०० मीटरचे वर्तुळ काढले तर जुने शहर जवळपास सगळे त्यात येईल. पण याचा दुसरा अर्थ असा, की रुग्णही त्याच गर्दीत राहतात. अधिसूचना निघाली नाही म्हणून त्यांचे कान बंद होत नाहीत.

आणखी एक गोष्ट या निकालांच्या चर्चेत येत नाही. नियमातील मर्यादा ‘ए’ मापनात आहेत. हे मापन माणसाच्या कानाच्या संवेदनक्षमतेप्रमाणे खालच्या सुरांना कमी महत्त्व देते. ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. डीजेचा जो ठोका छातीत आणि खिडकीच्या काचेत जाणवतो, तो नेमका याच पट्ट्यातला. म्हणजे मीटर जे दाखवते त्यापेक्षा खाटेवरच्या रुग्णाला बरेच अधिक पोचते. खालचे सूर पुरते धरणारे ‘सी’ मापन उपलब्ध आहे. मिरवणुकीच्या मार्गावर पोलिसांनी दोन्ही नोंदी घ्यायला हव्यात.

जानेवारी २०२५ मध्ये न्या. अजय गडकरी व न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा, असे पोलिसांना बजावले. ज्याच्या खिडकीखालीच मंडळ आहे, त्याला फोन उचलायला एवढा आधार लागतोच.