आई-वडिलांना शहरात न्यावे काय?

दिवाळीची सुट्टी संपत आली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांची फाईल घेऊन येते आणि औषधांचे विचारून झाले की म्हणते, "डॉक्टर, यांना आता कायमचेच तिकडे नेऊ का?" आई-वडील शेजारीच बसलेले असतात. त्यांना मात्र बहुधा कुणी विचारलेले नसते.

या मुलांच्या मायेविषयी मला शंका नाही. रात्री दोन वाजता गावाकडून फोन आला की दूर बसलेल्या मुलाचा जीव कसा टांगणीला लागतो, हे मी पाहतो. तरीही इतक्या वर्षांच्या व्यवसायात गेलेले, रमलेले आणि सहा महिन्यांत परत आलेले असे सगळे वृद्ध पाहून माझे मत झाले आहे, ते असे : हा निर्णय आजारपणाच्या धास्तीत घेऊ नये, आणि ज्यांना जायचे आहे त्यांना वगळून तर मुळीच घेऊ नये.

शहराच्या बाजूने पहिला मुद्दा येतो तो मोठ्या हॉस्पिटलचा. तो खोटा नाही. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या १२ तासांत देता येते, पण खरा गुण येतो तो पहिल्या दोन-तीन तासांत. गुठळीमुळे अर्धांगाचा झटका आला, तर सीटी स्कॅन करून साधारण साडेचार तासांच्या आत उपचार सुरू व्हावे लागतात. पण या तासांचा उपयोग कधी होतो? कुणाच्या तरी लक्षात येते तेव्हा. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला येणार असतील आणि म्हातारा माणूस बंद फ्लॅटमध्ये एकटा असेल, तर चार चौकांवरचे हॉस्पिटलही दूरच समजावे. इथे निदान दुपारपर्यंत दार उघडले नाही, तर शेजारीण हाक मारते. शिवाय १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. तो नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

दुसरी गोष्ट, जागा बदलली की म्हाताऱ्या शरीराला ती नव्याने शिकावी लागते. जुन्या घरात रात्री लघवीला उठताना उंबरा कुठे, बटण कुठे, हे पायांना आणि हातांना माहीत असते. नव्या घरात गुळगुळीत फरशी, ओले बाथरूम आणि अंधार. तिथे पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, की ऑपरेशन आणि महिनोन् महिने अंथरूण. ज्यांची स्मरणशक्ती कमी होऊ लागली आहे, त्यांना तर ओळखीचे घरच सावरून धरत असते. ते सुटले की संध्याकाळ झाली की "मला घरी ने" म्हणून धोशा लावतात. तो हट्ट नव्हे, आजार आहे.

तिसरे, दिनक्रम. माझ्या एका पेशंट आजोबांची साखर इथे ताब्यात होती, कारण ते रोज देवळापर्यंत चालत जात आणि पारावर तासभर बसत. मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला गेले, लिफ्ट अधूनमधून बंद, गुडघे दुखरे. चालणे थांबले, टीव्ही वाढला, साखर चढली. भूक मंदावणे, पहाटे तीनला जाग येणे, कशातच मन न लागणे ही लक्षणे दिसली, तर "वयच झाले" म्हणून सोडू नका. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

असे असले तरी काहींनी जायलाच हवे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागते आणि ते जवळपास होत नाही, जे एकटे राहतात आणि वारंवार पडतात, गॅस चालू ठेवून विसरतात, किंवा ज्यांना हृदय कमजोर झाल्याने पुनःपुन्हा भरती करावे लागते, त्यांना केवळ "गाव सुटत नाही" म्हणून ठेवणे योग्य नाही.

बाकीच्यांनी घाई करू नये. प्रकृती बरी असताना दोन-तीन महिने राहून पाहावे, त्यात एक पावसाळा आला तर उत्तम. जाण्याआधी मुलांनी बाथरूममध्ये धरायला दांडा, कमोड आणि रात्रीचा दिवा यांची सोय करावी. चालत जाता येईल अशी बाग किंवा देऊळ आणि घराजवळचा एखादा फॅमिली डॉक्टर पाहून ठेवावा. औषधांची यादी मूळ नावांसकट लिहून न्यावी. कंपनी बदलली की गोळीचे नाव बदलते, आणि नवी गोळी जुनीबरोबरच चालू ठेवल्याने एकच औषध दुप्पट पोटात गेलेले पेशंट मी पाहिले आहेत.

आणि पहिले वर्षभर तरी गावचे घर विकू नये. परतीची वाट मोकळी आहे, एवढ्या आधारावरही पुष्कळजण तिकडे रुळतात. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून काहीजण चार महिने इथे आणि चार महिने तिथे असे राहतात. बहुतेकांची तब्येत चांगली आहे.

शेवटी ज्येष्ठ वाचकांना एक विनंती. मुलांना वाईट वाटेल म्हणून गप्प राहून "तुम्ही म्हणाल तसे" म्हणू नका. जायचे असेल तर तसे सांगा, नसेल तर का नाही तेही सांगा. "माझी भजनी मंडळाची माणसे इथे आहेत" हे कारण रक्तदाबाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि कुणी ते हसण्यावारी नेले, तर डॉक्टरांनीच असे सांगितले म्हणून खुशाल माझे नाव घ्या.