उंदीर पाहावा घेऊन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यांनी म्हणून ठेवलं त्यांच्या काळात गेमिंग माऊस नव्हता. असता तर म्हणीला तिसरा तुकडा नक्की जोडला गेला असता. त्यातून तो वायरलेस हवा आणि वर स्वस्तही हवा, म्हणजे तर विचारूच नका. दुकानात पन्नास खोकी, प्रत्येकावर फूत्कारणारा ड्रॅगन नाहीतर डोळे वटारलेला लांडगा, आणि शेजारी भला मोठा आकडा. त्या लांडग्याचा माऊसशी संबंध काय हे मला आजवर कळलेलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत फिरू शकतील. हजार-बाराशेच्या आत वायरलेस गेमिंग माऊस घेऊ नये. तेवढ्या पैशात वायरचा चांगला माऊस येतो, तो घ्यावा आणि सुखी व्हावं. वायरलेसच हवा असेल तर तीन हजारांच्या आसपास जायची तयारी ठेवावी. आणि घेताना खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात कमी मनावर घ्यावा.

हे सगळं डोक्यात घोळतंय ते माझ्या भाचीमुळे. पोरगी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, 'व्हॅलरंट' खेळते आणि (मामा म्हणून नाही सांगत) बरी खेळते. सातवीतल्या दोन मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने तीन हजार दोनशे रुपये साठवले. "मामा, तू सांग कुठला घेऊ," म्हणून फोन आला. मागून दाजींचा आवाज येतच होता, "उंदराला तीन हजार? त्यात महिन्याचा किराणा येतो!"

आता दाजी माणूस भला. पण याच दाजींनी दोन वर्षांपूर्वी भाच्याला साडेचार हजारांची इंग्लिश विलोची बॅट घेतली, तेव्हा किराण्याचा हिशोब कुणी काढला नव्हता. बॅट उचलून बघायची, तोल बघायचा, दाणे मोजायचे यात अर्धा दिवस गेला होता आणि सगळ्यांना ते रास्त वाटलं होतं. मुलीचा खेळ मात्र 'टाईमपास', आणि तिच्या स्वतःच्या पैशांचाही हिशोब द्यायचा. मला हे पटत नाही. मी दाजींना तसं सांगितलंही. ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही बिघडवताय तिला." असो.

तर तो मोठा आकडा. डीपीआय. म्हणजे माऊस एक इंच सरकवला की तो संगणकाला किती 'पावलं' मोजून सांगतो ते. खोक्यावर १२,००० लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं जेवढं जास्त तेवढं भारी. जरा हिशोब करून बघा. नेहमीचा पडदा आडवा १९२० ठिपक्यांचा. १२,००० डीपीआयवर माऊस जेमतेम चार मिलिमीटर हलला की बाण या टोकाचा त्या टोकाला! शिंक आली तरी निशाणा शेजारच्या घरात. मुरलेले खेळाडू बहुतेक करून ४०० ते १६०० च्या मध्ये खेळतात, ८०० हा तर त्यांचा लाडका आकडा. म्हणजे ज्याच्यासाठी आपण पैसे मोजतो तो आकडा कुणी वापरतच नाही. आणि अगदी स्वस्तातल्या माऊसमध्ये तो अनेकदा खराही नसतो. आतला सेन्सर मोजतो थोडंच, बाकी गुणाकार.

बघायचं ते सेन्सरचं नाव. जुना माऊस आठवतो का, पोटातला रबरी गोळा काढायचा आणि नखाने आतल्या रुळांवरची घाण खरवडायची? (सायबर कॅफेतलं ते एक वेगळंच सुख होतं.) आता तिथे एक चिमुकला कॅमेरा असतो. तो टेबलाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि एकमेकांशी ताडून माऊस कुठे सरकला ते ठरवतो. हात झटक्यात फिरवला तरी त्याचा हिशोब चुकायला नको, एवढीच खरी परीक्षा. कंपनी सेन्सरचं नाव छातीठोक सांगत असेल, म्हणजे पिक्सआर्टचा ३३११, ३३९५ किंवा लॉजिटेकचा हिरो, तर पुढे बोलावं. नुसतंच 'हाय प्रिसिजन गेमिंग सेन्सर' असेल तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं.

दुसरी गोष्ट पोलिंग रेट. माऊस संगणकाला सेकंदाला किती वेळा खबर देतो ते. साधा माऊस १२५ वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी. गेमिंगवाला १००० वेळा, म्हणजे दर एका मिलिसेकंदाला. इथे एक मेख असते. काही खोक्यांवरचे १००० हे वायर लावल्यावरचे असतात. बिनवायरीचे किती, ते बारीक अक्षरांत शोधावं लागतं. ब्लूटूथवर तर गेम खेळूच नये, तो मुळातच आठेक मिलिसेकंद किंवा त्याहून निवांत चालतो. एक्सेलला ठीक. गेमसाठी सोबत येणारा तो छोटा डोंगलच हवा. आता ८००० वाले माऊसही निघालेत, पण भाचीच्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे दर चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. तिथे ८००० घेणं म्हणजे बोळात रेसची गाडी नेणं.

डोंगलची अजून एक गंमत सांगतो, कारण हे दुकानदार सांगत नाही. डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, आणि यूएसबी ३ चं पोर्ट (ते निळ्या जिभेचं) चालू असताना नेमकी त्याच पट्ट्यात खरखर करतं. इंटेलने २०१२ मध्ये यावर चक्क एक टिपण काढलं होतं. डोंगल डेस्कटॉपच्या मागे, निळ्या पोर्टात, शेजारी हार्डडिस्क लावलेली, आणि आपण म्हणतो माऊस अडखळतोय, कंपनी भिकार! एक हातभर एक्स्टेन्शनची वायर घेऊन डोंगल माऊसच्या पुढ्यात आणून ठेवा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

बॅटरीबद्दल माझं मत लोकांना जुनाट वाटतं. स्वस्त माऊसमध्ये आतली चार्ज होणारी बॅटरी मला नको वाटते. दोन-तीन वर्षांत ती दमते, आणि बदलायची म्हटलं तर माऊस उघडा, तशीच बॅटरी शोधा. त्यापेक्षा साधा पेन्सिल सेल बरा, तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतो. फक्त वजन वाढतं. अल्कलाईन सेल एकटाच २३ ग्रॅमच्या आसपास असतो. त्यावरही पोरांनी तोडगा काढलाय: अडॅप्टरमध्ये छोटा एएए सेल घालायचा, दहा-बारा ग्रॅम सुटतात. मनगटाला ते कळतात बरं का.

क्लिकचं बटण हा खरा नाजूक अवयव. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं व्हायला लागलं, की समजावं आतल्या पत्र्याचे संपर्क खराब झाले. आपल्याकडच्या दमट हवेत, चार महिन्यांच्या पावसात, तर विचारायला नको. दुरुस्ती अवघड नसते, बटण स्वस्तात मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत डाग देऊन बसवून देणारे हात अजून आहेत. पण वॉरंटी असेपर्यंत तिकडे जाऊ नये. म्हणून घेण्याआधीच विचारावं, वॉरंटी किती आणि सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात.

हे सगळं चाळून मी भाचीला लॉजिटेकचा जी३०४ सुचवला. २०१८ चा माऊस (परदेशात तोच जी३०५), म्हणजे तंत्रज्ञानाच्या हिशोबात म्हाताराच. पण हिरो सेन्सर, बिनवायरीचे खरे १०००, एका सेलवर अडीचशे तास असं कंपनी म्हणते. रोज दोन तास खेळली तरी चार महिने. सेलसकट ९९ ग्रॅम, हे आजच्या मानाने जडच. रंगीबेरंगी दिवे नाहीत, जे मला फार आवडलं. रेझरचा ओरोची व्ही२ बराच हलका आहे, पण तिच्या पैशात बसेना.

आणि मग ती म्हणाली, "मामा, पण मी डावखुरी आहे ना."

तिला वायरलेस हवा तो हौसेने नव्हे, याच कारणाने. तिच्या लॅपटॉपचं एकुलतं एक रिकामं पोर्ट उजवीकडे, घडीचं टेबल अरुंद, आणि वायर पुढून वळसा घालून डावीकडे येताना सारखी अडकते. जी३०४ चा आकार दोन्ही हातांना चालतो. पण बाजूची दोन बटणं फक्त डावीकडे, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. डाव्या हातात धरला की ती करंगळीपाशी येतात. दोन्ही बाजूंना बटणं असलेले वायरलेस माऊस होतेच: २०१८ चा लॉजिटेक जी प्रो, २०१९ चा रेझर वायपर अल्टिमेट. दोन्ही तिच्या बजेटच्या पार पलीकडे. आणि रेझरने २०२२ मध्ये पुढचा वायपर काढला तेव्हा उजवीकडची बटणं काढूनच टाकली. वजन कमी करायला! म्हणजे ग्रॅम वाचवायचे तर आधी डावखुरे कापायचे. शाळेतल्या बाकापासून कात्रीपर्यंत त्यांच्या वाट्याला जे येतं तेच इथेही.

दाजींनी हे ऐकलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. नंतर ताईने सांगितलं की ते स्वतः लहानपणी डावखुरे होते, शाळेत हातावर छड्या मारून उजवे झाले. मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

शेवटी घेतला तिने तोच. बाजूची बटणं सॉफ्टवेअरमधून बंद करून टाकली, त्यांची कामं कीबोर्डवर नेली. सेलमध्ये मिळाला, वर अडॅप्टर आणि दोन चार्जिंगचे सेल आले. डोंगल ठेवायला पाठीच्या झाकणाखाली सेलशेजारी जागा आहे, कॉलेजला जाताना तिथे ठेव म्हणून सांगितलंय. माऊस सहसा हरवत नाही, डोंगल हरवतो, आणि त्याच्याशिवाय हा माऊस पेपरवेट म्हणूनही हलकाच :)