बंडखोरांची जत्रा

लास व्हेगासच्या ‘डेफ कॉन’चे जुने वारकरी रुसले आहेत. दर वर्षी उन्हाळ्यात भरणारे हे हॅकरांचे, म्हणजे संगणकयंत्रणेतील छिद्रे हुडकणाऱ्यांचे, संमेलन आता आपले उरले नाही, अशी त्यांची तक्रार आहे. १९९३ साली जेफ मॉस या तरुणाने एका मित्राच्या निरोपाची मेजवानी योजिली. मित्र आधीच निघून गेला, तेव्हा मॉसने ओळखीपाळखीच्या सर्वांनाच बोलावून घेतले. जेमतेम शंभर माणसे जमली. आज तो आकडा तीस हजारांच्या घरात आहे, आणि एखादे व्याख्यान ऐकावयाचे तर आधी रांगेत तिष्ठावे लागते.

गर्दीबद्दलचा हा त्रागा फारसा मनावर घेण्याचे कारण नाही. पहिल्या पंगतीला जेवून उठलेल्यांना दुसरी पंगत नेहमीच गबाळी वाटते. परंतु तक्रारीचा दुसरा भाग गंभीर आहे, आणि तो सत्तेशी जडलेल्या नात्याचा आहे. प्रारंभीच्या वर्षांत तेथे ‘सरकारी माणूस ओळखा’ असा खेळ चाले. हेर ओळखणाऱ्याला सदरा बक्षीस मिळे, आणि पकडल्या गेलेल्या हेरालाही मिळे. थट्टा होती, पण अंतर राखणारी थट्टा होती. ते अंतर का हवे, हे २००१ साली दिसले. अ‍ॅडोबी कंपनीच्या संगणकीय पुस्तकांवरील कुलूप कसे कुचकामी आहे, हे सांगून परत निघालेल्या दिमित्री स्क्ल्यारोव या रशियन तरुणाला एफबीआयने लास व्हेगासमध्येच अटक केली. पुढे खुद्द अ‍ॅडोबीने अंग काढून घेतले आणि २००२ मध्ये त्याच्या कंपनीला ज्यूरीने निर्दोष ठरविले. पण तोवर व्हावयाचा तो मनस्ताप होऊन गेला होता.

असे असताना २००९ साली मॉस अमेरिकी गृहसुरक्षा खात्याच्या सल्लागार मंडळावर गेले. २०१२ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे प्रमुख जनरल कीथ अलेक्झांडर गणवेश उतरवून, जीन्स चढवून याच व्यासपीठावर आले आणि त्यांनी सहकार्याचा हात मागितला. वर्षभरातच स्नोडेन प्रकरणाने त्या संस्थेची पाळत जगापुढे आली, आणि सरकारी मंडळींनी यंदा येऊ नये, असे त्याच मॉस यांना जाहीरपणे सांगावे लागले. हा शहाणपणा वर्षभर आधी सुचता तर!

तरीही प्रतिष्ठेचे सारेच फळ कडू नाही. २०१७ साली या संमेलनात मतदानयंत्रे उघडण्यासाठी मांडून ठेवली. काही तासांतच ती भेदली गेली, आणि त्याच सप्टेंबरात व्हर्जिनिया राज्याने आपली स्पर्शपडद्याची यंत्रे बाद केली. हेच शंभरजणांच्या टोळक्याने केले असते, तर त्यांना कोणी उभे केले असते काय? आपल्याकडे २०१० मध्ये भारतीय मतदानयंत्रातील दोष दाखविणाऱ्या हरि प्रसाद यांना, ते यंत्र चोरीचे असल्याच्या आरोपावरून, मुंबई पोलिसांनी हैदराबादेहून धरून आणले होते. पाठीशी व्यासपीठ नसलेल्या शोधकाची अवस्था ती अशी.

म्हणून भांडण गर्दीशी नसावे, अटींशी असावे. २०१८ मध्ये यजमान हॉटेलच्या रखवालदारांनी पाहुण्यांच्या खोल्यांची तपासणी केली. आदल्या वर्षीच्या गोळीबारानंतर सुरक्षेचे कारण खोटे नव्हते. पण ज्यांच्या सामानात तारा आणि उघडी यंत्रेच असायची, त्यांना ती जाचक वाटली यात नवल नाही. दाराशी रोख पैसे मोजून, नाव न सांगता आत जाण्याची मुभा मात्र तेथे टिकून आहे. उद्या कोणी पुरस्कर्ता किंवा सरकारी खाते सोयीच्या नावाखाली नोंदवहीची मागणी करील. जुन्या मंडळींनी आपला राग त्या दिवसासाठी शिल्लक ठेवावा.