तासांच्या तागडीत व्हिडिओ गेम

2025 च्या जूनमध्ये निन्टेन्डोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ 80 डॉलरला बाजारात आणला आणि अमेरिकेत व्हिडिओ गेमच्या किमतीचा जुना वाद पुन्हा पेटला. ‘द आऊटर वर्ल्ड्स 2’साठी मायक्रोसॉफ्टने हीच किंमत जाहीर केली होती, टीकेनंतर जुलैमध्ये ती 70 डॉलरवर आली. अशा वेळी ग्राहकाचा प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या पैशांत किती तास?

हा हिशेब पोरकट नाही. वर्षाकाठी दोनच गेम घेऊ शकणाऱ्या विद्यार्थ्याने तास मोजले, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पण तास मोजताना दुखणे भलतेच निघते. 2015 मध्ये 60 डॉलरचा ‘द ऑर्डर: 1886’ पाच-सहा तासांत संपतो, अशी ओरड प्रकाशनाआधीच सुरू झाली. त्या पाच-सहा तासांतला बराचसा वेळ खेळण्याऐवजी नुसते पाहण्यात जात होता, हा दोष मात्र लांबीच्या गदारोळात झाकला गेला. ‘पोर्टल’ (2007) त्याहूनही लहान. इतर गेमबरोबर एकाच संचात मिळाल्याने तो स्वस्त पडला, हे खरे; तरी आजही त्याचे नाव निघते ते त्यात एकही कोडे भरतीचे नाही म्हणून.

निर्मात्यांनी धडा घेतला तो उलटाच. जानेवारी 2022 मध्ये टेकलँडने ‘डाइंग लाइट 2’ पूर्णपणे संपवायला 500 तास लागतील, अशी जाहिरात केली. नोकरी आणि मुले सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याला ती धमकीच वाटावी. मुख्य कथा वीस तासांची आहे, असा खुलासा कंपनीला लगोलग करावा लागला. लांबीला खर्चही येतो. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’साठी सुमारे 22 कोटी डॉलर लागल्याचे 2023 मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले. प्लेस्टेशनच्या स्टुडिओंचे माजी प्रमुख शॉन लेडन यांनी 2020 मध्येच बारा-पंधरा तासांच्या गेमकडे परतण्याची इच्छा बोलून दाखवली होती.

या मोजमापाची खरी झळ लहान निर्मात्यांना बसते. ‘स्टीम’वर खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मिळतात. नियम ग्राहकहिताचा आहे. पण दीड तासाचा गेम संपवून परत करणाऱ्यालाही तो लागू होतो. ‘समर ऑफ 58’च्या निर्मात्याने 2021 मध्ये याच कारणाने गेमनिर्मिती सोडत असल्याचे जाहीर केले. निर्मात्याने लांबी आधी जाहीर करावी आणि परताव्याची मर्यादा त्या प्रमाणात ठरावी, एवढी दुरुस्ती तरी व्हायला हवी.

पुण्याच्या नोडिंग हेड्सचा ‘राजी’ (2020) सुमारे पाच तासांचा. पहाडी चित्रशैलीचा आणि राजस्थानी वास्तुकलेचा त्यातला वापर नावाजला गेला. कथा अचानक संपते, ही टीकाही झाली आणि ती रास्त होती. त्याची किंमत होती सुमारे 25 डॉलर. सप्टेंबर 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातील टीम चेरीने अनेक डझन तासांचा ‘सिल्कसाँग’ 20 डॉलरला दिला. मूठभर माणसांच्या या चमूला आधीच्या गेमच्या प्रचंड विक्रीचा आधार होता. पहिलाच गेम घेऊन उतरणाऱ्या पुण्यातल्या चमूला तो नसतो, आणि तासांची तागडी मात्र दोघांसाठी एकच असते.