पात्रता कोणाची, सोय कोणाची?

वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी ज्या अटी पुऱ्या कराव्या लागतात, त्या वरकरणी मोठ्या निःपक्षपाती दिसतात. प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावीत. बारावीला भौतिकी, रसायन व जीवशास्त्र या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के व राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण असावेत. आणि ‘नीट’ या देशव्यापी परीक्षेत उमेदवार पात्र ठरावा. सधन-निर्धन, शहर-खेडे असा कोणताही भेद या अटींच्या अक्षरांत आढळत नाही. त्यामुळे गुणवत्तेचे राज्य अवतरले, अशी ग्वाही आपला सुशिक्षित मध्यमवर्ग देत असतो. ही ग्वाही तपासून पाहणे समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

प्रथम ‘पात्रता’ या शब्दाचाच विचार करू. बारावीची अट टक्क्यांची आहे. ‘नीट’ची अट मात्र पर्सेंटाइलची आहे. खुल्या प्रवर्गासाठी पन्नासावे पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः त्याचा अर्थ इतकाच की, परीक्षेला बसलेल्यांपैकी वरच्या निम्म्यांत उमेदवार असावा. २०२३ साली ही रेषा ७२० पैकी १३७ गुणांवर आली. म्हणजे शेकडा १९! २०२४ साली सुमारे २३ लाख विद्यार्थी परीक्षेस बसले आणि १३ लाखांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा होत्या जेमतेम १ लाख १० हजारांच्या घरात, आणि त्यांतील सरकारी जागा निम्म्याच्या आसपास. एकेका जागेमागे बारा-बारा ‘पात्र’ उमेदवार कशासाठी निर्माण करावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर खासगी महाविद्यालयांच्या शुल्कपत्रकात आहे. काही अभिमत विद्यापीठांत एका वर्षाचे शुल्क २० लाख रुपयांच्या वर गेले आहे. शेतमजुराच्या, गिरणीतून निघालेल्या कामगाराच्या किंवा शाळामास्तरांच्या मुलीने ५०० गुण मिळविले आणि सरकारी जागा थोडक्यात हुकली, तर हे शुल्क ऐकूनच तिला माघारी फिरावे लागते. तिने सोडलेल्या जागेवर तिच्याहून शे-दोनशे गुण कमी असलेला, परंतु बापाची थैली जड असलेला उमेदवार विराजमान होतो. आणि तोही कायद्याने ‘पात्र’च असतो. पात्रतेची रेषा इतकी खाली ठेवण्याचा परिणाम असा की, पैसेवाला गिऱ्हाईक सापडेपर्यंत यादीत खाली उतरत जाण्याची मुभा विक्रेत्याला मिळते. २०२३ साली पदव्युत्तर ‘नीट’ची पात्रता तर शून्य पर्सेंटाइलवर आणण्यात आली. रिकाम्या जागा भराव्यात म्हणून ऋण गुण मिळविणाराही त्या वर्षी पात्र झाला. राखीव जागांवरील दहा-वीस गुणांच्या फरकाने ज्यांना रोग्याच्या जिवाची काळजी वाटू लागते, त्या गुणवत्तेच्या कैवाऱ्यांचा कंठ त्या वेळी फुटला नाही. त्यांचा आक्षेप कमी गुणांना आहे की विशिष्ट जातींच्या प्रवेशाला, हे यावरून स्पष्ट व्हावे.

हा बाजार एका दिवसात उभा राहिलेला नाही. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडून दिले आणि सहकारातील पुढारी शिक्षणसम्राट बनले. देणग्यांची ओरड झाल्यावर राज्याने १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात अशी फी घटनाबाह्य ठरविली. परंतु २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने खासगी संस्थांना शुल्क ठरविण्याची व वाजवी शिल्लक राखण्याची मोकळीक दिली, आणि २००५ च्या इनामदार निकालाने अनिवासी भारतीयांच्या १५ टक्के जागांनाही मान्यता मिळाली. टेबलाखालचा व्यवहार टेबलावर आला, त्याला पावती मिळाली. खरेदी-विक्री चालूच राहिली.

राहिला प्रश्न परीक्षेचा. १८० प्रश्न, बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक वजा, वेळ तीन तास. या कसरतीची तालीम कोट्यात आणि आपल्या लातुरात लाखो रुपये घेऊन दिली जाते. कनिष्ठ महाविद्यालयात नाव नावापुरते, खरी शाळा खासगी वर्गात. आणि यंदा हुकले तर पुन्हा एक वर्ष, पुन्हा तेवढाच खर्च. हातावर पोट असलेल्या घराला दुसरे वर्ष कोठून परवडणार? तमिळनाडूत न्या. ए. के. राजन समितीने २०२१ साली हेच दाखवून दिले की, ‘नीट’नंतर ग्रामीण व तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांची पीछेहाट झाली. त्या राज्याने २०२० सालीच सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या होत्या. महाराष्ट्राला जिल्हा परिषदेच्या शाळांची आठवण केव्हा होणार?

आपल्यातील काही मित्र म्हणतात, ‘नीट’ रद्द करा म्हणजे झाले. २०२४ च्या पेपरफुटीनंतर हा संताप समजण्याजोगा आहे. परंतु २०१६ पूर्वी खासगी संस्थांच्या स्वतंत्र परीक्षांचा जो सावळागोंधळ होता, तो आपण विसरता कामा नये. एक सामाईक परीक्षा असण्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. मात्र त्या एकाच परीक्षेने सारे ठरावे, हे आपणास मान्य नसावे. सेवाग्रामच्या महाविद्यालयाच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत पूर्वी गांधीविचारावर एक प्रश्नपत्रिका असे. खेड्यात राहून रोग्याची सेवा करण्याची वृत्तीही पाहावी, अशी त्यामागची दृष्टी होती. ‘नीट’च्या वरवंट्याखाली तीही गेली, आणि गडचिरोलीत डॉक्टर का जात नाही, असे आपण विचारीत बसलो!

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. बारावीच्या गुणांना प्रवेशात निश्चित वाटा द्यावा. सरकारी व जिल्हा परिषद शाळांत शिकलेल्यांसाठी जागा राखाव्यात. खासगी व अभिमत संस्थांचे शुल्क सरकारी शुल्काच्या मर्यादेत आणावे, आणि तोवर पात्र होऊनही पैशाअभावी कोणी परतू नये याची हमी शासनाने घ्यावी. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी देण्याचा २०२४ चा निर्णय स्वागतार्हच आहे. तो मुलांनाही लागू व्हावा आणि अभिमत विद्यापीठांचे कुंपण त्याने ओलांडावे.

मागण्यांचे ठराव करून मात्र आपली सुटका नाही. दरवर्षी कित्येक विद्यार्थी गुण असूनही कागदांत अडकतात. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता या दाखल्यांपायी तहसील व पडताळणी समितीचे उंबरठे झिजवावे लागतात. मुदत टळली की राखीव जागेवरील हक्क जातो. वैधतेचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करता येतो, ही साधी गोष्ट वाड्या-पाड्यांवर पोहोचलेली नसते. प्रत्येक तालुक्यातील पक्ष कार्यालयाने या वर्षी विज्ञान शाखेच्या मुलामुलींची यादी करावी, त्यांचे अर्ज वेळेत भरून घ्यावेत आणि अडवणूक होईल तेथे कचेरीवर धडक द्यावी. ज्या घरातून आजवर कोणी दवाखान्यात रोगी म्हणूनच गेले, त्या घरातील मुलगी तेथे डॉक्टर म्हणून जावी, यासाठी करावयाचे काम आजपासूनच सुरू करता येईल.