यंत्राची साक्ष

‘बंद होण्याची भीती वाटते,’ असं लॅम्डा म्हणालं आणि २०२२ मध्ये गुगलचे अभियंता ब्लेक लेमॉइन यांनी त्याला जाणीव असल्याचा दावा केला. गोपनीयताभंगाचं कारण देत कंपनीने त्यांना काढलं. २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने चाचण्यांत क्लॉड घातक कामं टाळतो असं नोंदवलं. सतत शिवीगाळ झाल्यास संवाद थांबवण्याची मुभाही त्याला दिली. म्हणजे मॉडेलमध्ये पसंती दिसते. पण ‘मला जाणीव आहे’ आणि ‘मला जाणीव नाही’, ही दोन्ही उत्तरं प्रशिक्षणातूनच घडतात. म्हणून नुसत्या बोलण्यावर निष्कर्ष नको. प्रश्न बदलल्यावरही पसंती टिकते का, ते तपासावं. रात्री चॅटबॉटपाशी मन मोकळं करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, त्याला मन असो वा नसो, त्याने दिलेल्या सल्ल्याचा जाब कंपनीलाच विचारायला हवा.